नोंदवही आणि थडग्याचा दगड : स्कॉटलंडमधील पूर्वजांचा माग कसा काढतात

स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. त्या देशातील पूर्वज शोधणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे या तारखेने दोन भाग पडतात. तारखेच्या अलीकडचा माणूस बहुधा सापडतो, कारण त्याची नोंद करणे हे सरकारी कर्मचाऱ्याचे कर्तव्य होते. तारखेच्या पलीकडच्या माणसासाठी मात्र चर्चच्या जुन्या नोंदवह्या आणि चर्चच्या आवारातील थडगी यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. पुढच्या पिढ्यांना वंशावळ तयार करता यावी म्हणून यांपैकी कोणतीही वस्तू घडवलेली नव्हती. नोंदवही चर्चच्या कारभारासाठी होती, आणि दगड कुटुंबाच्या दुःखासाठी व प्रतिष्ठेसाठी होता. एखादी नोंद मुळात कशासाठी झाली हे समजले की तिच्यातील कोणत्या शब्दावर किती विसंबायचे हेही समजते, आणि या शोधातील खरे कौशल्य तेवढेच आहे, असे माझे मत आहे.

सुरुवात नेहमी माहितीच्या माणसापासून करून मागे जावे. आडनाव सारखे आहे म्हणून सतराव्या शतकातील एखादा प्रसिद्ध पुरुष निवडून त्याच्यापासून खाली उतरत येण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्यातून भलत्याच घराण्याची वंशावळ तयार होते. स्कॉटलंडच्या सरकारी मृत्युनोंदीत मृताच्या आईवडिलांची नावे असतात आणि त्यांत आईचे माहेरचे आडनावही असते. त्यामुळे १८६०च्या सुमारास ऐंशी वर्षांचा होऊन वारलेल्या शेतकऱ्याची नोंद आपल्याला एका पावलात १७८०च्या आसपास संसार करणाऱ्या जोडप्यापर्यंत नेते. १८५५ या पहिल्या वर्षाच्या नोंदी तर विलक्षण तपशीलवार आहेत. त्या वर्षीच्या मृत्युनोंदीत मृताचे जन्मस्थान, जोडीदार आणि सर्व मुलांची नावे व वये विचारलेली होती. हे काम फार किचकट ठरल्याने पुढच्याच वर्षी रकाने कमी करण्यात आले. म्हणून ज्याच्या घराण्यातील कोणी १८५५ मध्ये वारले असेल, त्याला मोठाच लाभ होतो. एक सावधगिरी मात्र हवी. ही माहिती मृत व्यक्तीने दिलेली नसते. ती मुलाने, जावयाने किंवा शेजाऱ्याने दिलेली असते, आणि सासूच्या आईचे माहेरचे आडनाव जावयाला नक्की ठाऊक असेलच असे नाही. माहिती देणाऱ्याचे नाव आणि मृताशी त्याचे नाते नोंदीतच लिहिलेले असते, ते आधी वाचावे.

१८४१ पासून दर दहा वर्षांनी झालेल्या जनगणनेच्या याद्याही सोबत घ्याव्यात. १८४१च्या यादीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि जन्म त्याच परगण्यात झाला की नाही एवढेच नोंदले आहे. १८५१ पासून मात्र जन्माचे पॅरिश आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते दिलेले असते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीत येणारा गावांचा आणि वाड्यांचा टापू. पूर्वज कोणत्या पॅरिशमध्ये जन्मला हे कळले की १८५५च्या पलीकडे जाण्याचे दार उघडते.

चर्चच्या जुन्या नोंदवह्या

स्कॉटलंडमध्ये अशी सुमारे ९०० पॅरिश होती. त्यांच्या वह्यांपैकी सर्वांत जुनी नोंद पर्थशरमधील एरल या पॅरिशची असून ती १५५३ सालची आहे. सगळीकडे एवढ्या मागे जाता येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. उत्तरेकडील डोंगराळ मुलखात आणि बेटांवर कित्येक पॅरिशच्या वह्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तर काहींच्या एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात. वही ठेवण्याचे काम चर्चच्या कारकुनाकडे असे, आणि हा कारकून पुष्कळदा गावचा शाळामास्तरच असायचा. त्याच्यापुढे ठरलेला नमुना नव्हता. एक कारकून चार ओळींची सविस्तर नोंद करी, तर त्याच्यानंतर आलेला दुसरा नुसते बापाचे नाव आणि तारीख लिहून मोकळा होई, आणि आईचा उल्लेखच नसलेली पानेच्या पाने आज आपल्यापुढे येतात.

या वह्यांत जन्म, विवाह आणि मृत्यू लिहिले आहेत असे आपण सैलपणे म्हणतो, पण चर्चला या तीन घटनांशी थेट कर्तव्य नव्हते. चर्च बाप्तिस्मा देत होते, म्हणून बाप्तिस्म्याची तारीख नक्की मिळते आणि जन्मतारीख कारकुनाच्या मर्जीवर राहते. विवाहापूर्वी वधूवरांची नावे चर्चमध्ये जाहीर करून कोणाची हरकत आहे का असे विचारले जाई, आणि त्या जाहीर घोषणेचे शुल्क घेतले जाई. म्हणून विवाह म्हणून जी तारीख दिसते ती अनेकदा त्या घोषणेची असते. वधू आणि वर वेगवेगळ्या पॅरिशचे असतील तर दोन्ही वह्यांत दोन निराळ्या तारखा सापडतात आणि एखाद्याला वाटते की दोन जोडपी आहेत. दफनाच्या नोंदी सर्वांत विरळ. प्रेतावर पांघरण्याचे काळे वस्त्र चर्च भाड्याने देत असे, आणि कित्येक ठिकाणी दफनाची म्हणून जी यादी शिल्लक आहे ती खरे तर त्या वस्त्राच्या भाड्याची जमाखर्चाची वही आहे. ज्याच्यासाठी हे भाडे भरलेच गेले नाही, तो अशा वहीत मुळी वारलेलाच नसतो.

एक खरी नोंद पाहिली म्हणजे हे नीट कळेल. स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स याचा बाप्तिस्मा एअर येथील पॅरिशच्या वहीत नोंदलेला आहे. अ‍ॅलोवे येथील विल्यम बर्न्स आणि त्याची पत्नी अ‍ॅग्नेस ब्राउन यांचा औरस पुत्र रॉबर्ट २५ जानेवारी १७५९ रोजी जन्मला, धर्मगुरू विल्यम डॅलरिंपल यांनी २६ तारखेला त्याला बाप्तिस्मा दिला, आणि जॉन टेनंट व जेम्स यंग हे साक्षीदार होते, असा तिचा आशय आहे. एवढ्या छोट्या नोंदीत वाचण्यासारखे पुष्कळ आहे. वडील स्वतःचे आडनाव ‘बर्नेस’ असे लिहीत, पण कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले. पत्नीची नोंद माहेरच्या आडनावाने आहे, कारण स्कॉटलंडमध्ये स्त्रीचे माहेरचे आडनाव लग्नानंतरही कागदोपत्री कायम राहत असे, आणि एका घराण्यापासून दुसऱ्या घराण्याकडे जाणारा सर्वांत भरवशाचा धागा तोच आहे. ‘औरस’ऐवजी ‘नैसर्गिक पुत्र’ असे असते, तर मूल विवाहाबाहेरचे असल्याचे समजले असते. माणसाच्या नावानंतर गावाच्या नावाआधी जो शब्द येतो तोही पाहावा. विल्यम हा अ‍ॅलोवे ‘इन’ आहे, म्हणजे तेथे राहणारा किंवा जमीन कसणारा कूळ. तो अ‍ॅलोवे ‘ऑफ’ असता तर त्या जमिनीचा मालक ठरला असता. या दोन अक्षरांकडे दुर्लक्ष झाल्याने कित्येक कुळांच्या वंशजांनी स्वतःला जमीनदारांचे वंशज मानले आहे. साक्षीदारांची नावेही उतरवून घ्यावीत, कारण ते पुष्कळदा नातलग किंवा जवळचे शेजारी असतात आणि एकाच नावाच्या दोन माणसांपैकी आपला कोणता हे तेच दाखवून देतात.

एकाच नावाची माणसे हा येथील मोठा प्रश्न आहे, आणि तो नाव ठेवण्याच्या रूढीतून निर्माण झालेला आहे. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे आणि तिसऱ्याला स्वतः वडिलांचे नाव देत. मुलींमध्ये पहिलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे आणि तिसरीला आईचे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपल्याकडची जुनी चाल ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना हे परके वाटणार नाही, पण तेथे मुलांचा क्रमही बऱ्याच अंशी ठरलेला होता. बर्न्सच्या घरात हे तपासून पाहता येते. पहिल्या मुलाचे नाव रॉबर्ट, कारण विल्यमच्या वडिलांचे नाव रॉबर्ट. दुसऱ्याचे गिल्बर्ट, कारण अ‍ॅग्नेसचे वडील गिल्बर्ट ब्राउन. तिसरा विल्यम. थोरली मुलगी आईच्या आईप्रमाणे अ‍ॅग्नेस. दुसरी मुलगी मात्र नियमाने इझाबेला व्हायला हवी होती ती अ‍ॅनाबेला झाली, आणि इझाबेला हे नाव सर्वांत धाकटीच्या वाट्याला आले. या रूढीवरून पूर्वजांच्या नावाचा अंदाज बांधावा आणि तो वहीत शोधावा, पण अंदाजालाच पुरावा मानू नये. आणखी एक बाब येथे सांगायला हवी. एखादे मूल दगावले तर तेच नाव पुढच्या मुलाला देत, त्यामुळे एकाच आईबापांना एकाच नावाची दोन मुले दिसली तर गोंधळून न जाता पहिल्याच्या मृत्यूचा शोध घ्यावा.

नावांची रूपेही बदलत राहतात. जीन, जेन, जेनेट आणि जेसी ही एकाच बाईची नावे असू शकतात. पीटर आणि पॅट्रिक यांची अदलाबदल होते. गेलिक बोलणाऱ्या मुलखातला डोनाल्ड इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाती डॅनिएल होतो. शेटलंड बेटांवर तर एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत वडिलांच्या नावावरून आडनाव होत असे, म्हणजे मॅग्नसचा मुलगा मॅग्नसन आणि मुलगी मॅग्नसडॉटर. तेथे आडनाव धरून मागे जाणेच शक्य नाही. तारखांच्या बाबतीत मात्र स्कॉटलंडने आपली सोय करून ठेवली आहे. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवे वर्ष मार्चमध्ये सुरू होई, पण स्कॉटलंडने १६०० सालापासूनच १ जानेवारी हा वर्षारंभ मानला, त्यामुळे १६५० सालचा फेब्रुवारी हा खरोखरच १६५० सालचा असतो.

नोंद नसते तेव्हा

शोध घेणारा पुष्कळदा येथे निराश होतो आणि वही जळाली असेल असे समजून थांबतो. थांबण्याआधी नोंद का नसावी याचा विचार करावा. १७८३ मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसवला आणि तो १७९४ पर्यंत चालला. त्या काळात गरीब माणसे नोंद करणे टाळत. दुसरे कारण धार्मिक आहे. या वह्या चर्च ऑफ स्कॉटलंड या अधिकृत चर्चच्या आहेत, आणि त्यातून १७३३ पासून एकामागून एक गट फुटून निघाले. १८४३ मध्ये तर धर्मगुरूंचा आणि अनुयायांचा फार मोठा समुदाय बाहेर पडला आणि त्याने स्वतंत्र फ्री चर्च स्थापन केले. अशा कुटुंबांची मुले अधिकृत वहीत सापडत नाहीत. कॅथलिकांच्या वह्या तर वेगळ्याच आहेत. आपल्या पॅरिशची परिस्थिती जाणून घ्यायची असेल तर १७९०च्या दशकात सर जॉन सिंक्लेअर यांनी प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूकडून लिहवून घेतलेली २१ खंडांची माहिती चाळावी. तेथील शेती, रोगराई, मजुरी यांच्याबरोबर नोंदवहीची अवस्था कशी आहे हेही काही धर्मगुरूंनी त्यात मोकळेपणाने लिहिले आहे.

विवाहाची नोंद नसण्याचे आणखी एक कारण स्कॉटलंडच्या कायद्यात होते. दोघांनी परस्परांना पतीपत्नी म्हणून स्वीकारल्याचे जाहीर केले की धर्मगुरूशिवायही तो विवाह कायदेशीर ठरत असे, आणि ही मुभा १९४० पर्यंत टिकून होती. चर्चला असे विवाह मान्य नव्हते, म्हणून त्यांचा माग चर्चच्या पंचमंडळीच्या इतिवृत्तांत लागतो. प्रत्येक पॅरिशमध्ये धर्मगुरू आणि निवडलेले वडीलधारे यांची अशी मंडळी असे, तिला कर्क सेशन म्हणत. लोकांच्या वर्तनावर नजर ठेवणे, अनौरस मुलाचा बाप कोण याची चौकशी करणे, गरिबांना मदत वाटणे आणि गाव सोडून जाणाऱ्याला सदाचाराचा दाखला देणे ही तिची कामे होती. बर्न्स आणि जीन आर्मर यांच्या विवाहाचे दप्तर अशाच ठिकाणी आहे. ५ ऑगस्ट १७८८ रोजी दोघे मॉखलिन येथील पंचांपुढे उभे राहिले, आपला विवाह नियमाबाहेर झाल्याची कबुली देऊन त्यांनी खेद व्यक्त केला, पंचांनी त्यांना समज देऊन विवाह मान्य केला, आणि बर्न्सने गरिबांच्या निधीसाठी एक गिनी दिली. ज्या गरीब, स्थलांतरित किंवा चर्चच्या रोषाला बळी पडलेल्या स्त्रीपुरुषांचे नाव अन्य कोठेही उरलेले नाही, त्यांचे शब्द या इतिवृत्तांत ऐकू येतात. मला स्वतःला स्कॉटलंडच्या सगळ्या दप्तरात याहून मोलाचे काही वाटत नाही. ही इतिवृत्ते, पॅरिशच्या वह्या, जनगणना आणि मृत्युपत्रे आता राष्ट्रीय दप्तरखान्याच्या ‘स्कॉटलंड्स पीपल’ या संकेतस्थळावर पाहता येतात. नाव घातल्यावर सूची विनामूल्य दिसते, आणि पॅरिशच्या वहीतील मूळ पानाच्या प्रतिमेसाठी थोडे शुल्क पडते. सूचीवर कधीही समाधान मानू नये, मूळ पान पाहावे, कारण साक्षीदार, व्यवसाय आणि वाडीचे नाव सूचीत येत नाही. पंचमंडळीच्या जुन्या इतिवृत्तांना तर नावांची सूचीच अपुरी आहे, तेथे पाने उलटत बसण्याला पर्याय नाही.

दगड काय सांगतो

सतराव्या आणि अठराव्या शतकातील स्कॉटिश थडग्यांवर अक्षरे कमी आणि चित्रे अधिक असतात. कवटी, आडवी हाडे आणि वाळूचे घड्याळ ही मृत्यूची आठवण करून देणारी चिन्हे, आणि पंख असलेले मुख म्हणजे वर जाणारा आत्मा. शोध घेणाऱ्याला त्याहून उपयोगी पडतात ती व्यवसायाची चिन्हे. हातोडा आणि त्यावर मुकुट असेल तर लोहारकाम करणाऱ्यांच्या संघाचा सदस्य, कात्री आणि इस्त्री असेल तर शिंपी, नांगराचा फाळ असेल तर शेतकरी, धोटा असेल तर विणकर. पुष्कळ दगडांवर नावाऐवजी फक्त दोन जोड्या आद्याक्षरे आणि एक साल असते. ती पतीची आणि पत्नीची असतात, आणि पत्नीची अक्षरे तिच्या माहेरच्या आडनावाची असतात, म्हणून चर्चच्या वहीतील विवाहाशी ती ताडून पाहता येतात.

वही एका व्यक्तीची एक घटना सांगते, पण दगड अनेकदा सगळे कुटुंब एकत्र मांडतो, आणि ज्या पॅरिशमध्ये दफनाची वहीच नाही तेथे तो एकमेव पुरावा असतो. किंकार्डिनशरमधील ग्लेनबर्व्ही येथील चर्चच्या आवारात ब्रॅलिनम्यूरचा कूळ जेम्स बर्नेस याचा दगड आहे. तो जानेवारी १७४३ मध्ये ८७ व्या वर्षी वारला आणि त्याची पत्नी मार्गारेट फाल्कनर डिसेंबर १७४९ मध्ये ९० व्या वर्षी वारली, असे त्यावर कोरले आहे. हे कवीचे पणजोबा आणि पणजी. वयावरून जेम्सचा जन्म १६५६च्या सुमारास निघतो, आणि एका सामान्य कुळाच्या घराण्याला एवढ्या मागे नेणारा हा दगड आहे.

तरीही दगडावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तो मृत्यूनंतर किती वर्षांनी उभारला गेला आणि मजकूर कोणी सांगितला हे पाहावे लागते. एडिंबरोमधील कॅननगेट चर्चच्या आवारात कवी रॉबर्ट फर्ग्युसन १७७४ पासून खुणेवाचून पुरलेला होता. तेथे दगड बसवण्याची परवानगी बर्न्सने १७८७ मध्ये मागितली आणि दगड पुढे स्वतःच्या खर्चाने उभारला. या आदरापोटी उभारलेल्या दगडावर फर्ग्युसनचे जन्मवर्ष १७५१ असे आहे, प्रत्यक्षात तो १७५० मध्ये जन्मला होता. अ‍ॅलोवे येथे बर्न्सच्या वडिलांचा दगडही आज मूळचा नाही, कारण आठवण म्हणून तुकडे काढून नेणाऱ्या लोकांनी आधीचा दगड खिळखिळा करून टाकला. आजच्या दगडावर विल्यम फेब्रुवारी १७८४ मध्ये वयाच्या ६३ व्या वर्षात वारल्याचे लिहिले आहे, म्हणजे त्याची ६२ वर्षे पूर्ण झाली होती. या एका शब्दाने जन्मवर्षात एकाचा फरक पडतो. त्याच दगडावर पत्नी अ‍ॅग्नेसचेही नाव आहे, पण ती तेथे पुरलेली नाही. १८२० मध्ये तिचे दफन ईस्ट लोदियनमधील बोल्टन येथे झाले, आणि सुदैवाने दगडच तसे सांगतो. सगळे दगड असे सांगत नाहीत. परदेशी किंवा समुद्रात मेलेल्या मुलांची नावे आईवडिलांच्या दगडावर कोरण्याची रीत होती, त्यामुळे दगडावर नाव आहे म्हणजे खाली देह आहे असे समजता येत नाही.

जुना वालुकाश्म पापुद्र्यांनी सुटतो, आणि अ‍ॅबर्डीनच्या ग्रॅनाइटवरील अक्षरे मात्र दीडशे वर्षांनीही स्पष्ट राहतात. वाचता येत नाही म्हणून तारेच्या ब्रशने घासणे, खडूने अक्षरे भरणे किंवा साबणाचा फेस लावणे हे दगडाचे कायमचे नुकसान करणारे आहे आणि ते कोणीही करू नये. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा प्रकाश असताना जावे, किंवा आरशाने अगर विजेरीने बाजूने उजेड पाडून छायाचित्र घ्यावे, म्हणजे पुसट अक्षरांची सावली उठून दिसते. ज्या दगडांचे लेख आज नाहीसे झाले आहेत त्यांतील पुष्कळ आधीच उतरवून ठेवलेले आहेत. जॉन आणि शीला मिचेल या दाम्पत्याने १८५५ पूर्वीचे लेख परगण्यापरगण्याने हिंडून नोंदवले, आणि पुढे स्थानिक वंशेतिहास मंडळांनी हे काम चालू ठेवले. आपल्या गावचा संग्रह आहे का हे प्रवासाआधीच पाहावे.

मुंबईकडे वळणारा धागा

स्कॉटिश दगडांवर मुंबई, पुणे, कलकत्ता ही नावे पुष्कळदा आढळतात. बर्न्सच्याच घराण्यात हे दिसते. कवीच्या वडिलांचा भाऊ जेम्स मॉन्ट्रोज येथे स्थायिक झाला, आणि त्याचे पणतू जेम्स व अलेक्झांडर बर्नेस १८२१ मध्ये मुंबईला आले. पहिला ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेवेत शल्यवैद्य होता, दुसरा मुंबईच्या लष्करात दाखल झाला आणि १८४१ मध्ये काबूलमध्ये मारला गेला. अशा माणसांचा मृत्यू किंवा विवाह स्कॉटलंडच्या पॅरिशच्या वहीत शोधून उपयोग नसतो. मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नकला कंपनी लंडनला मागवत असे, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत ‘एन ३’ या मालिकेत आहेत. कंपनीच्या १८१३च्या सनदेनंतर स्कॉटिश चर्चचे धर्मगुरू नेमले गेले आणि १८१९ मध्ये मुंबईत सेंट अँड्र्यूज चर्च उभे राहिले. त्यापूर्वीचा मुंबईकर स्कॉट माणूस इंग्लिश चर्चच्या नोंदींत पाहावा.

भारतातून परतलेल्यांच्या बाबतीत आडनावाकडेही लक्ष द्यावे लागते, कारण वारशाने मालमत्ता मिळाली की त्या घराण्याचे आडनाव जोडण्याची पद्धत होती. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहासकार म्हणून आपल्याला परिचित असलेला ग्रँट डफ १७८९ मध्ये बॅन्फ येथे जन्मला, त्याचे वडील जॉन ग्रँट आणि आई मार्गारेट डफ. आईकडची ईडन येथील मालमत्ता १८२५च्या सुमारास त्याच्याकडे आली तेव्हा त्याने डफ हे नाव जोडले. त्याच्यासारख्या माणसाचा बाप्तिस्मा शोधताना वहीत ‘ग्रँट’ हेच आडनाव पाहिले पाहिजे.